आधीच छापून ठेवलेला माफीनामा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नागपुरातल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयातून मी अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. शिस्तपालन समितीच्या बैठकांचे इतिवृत्त अनेक वर्षे मीच लिहिले. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात माफीनाम्यांचा गठ्ठा असे. ‘माझ्या हातून घडलेल्या गैरवर्तनाबद्दल मी दिलगीर आहे, पुन्हा असे करणार नाही’ एवढाच मजकूर, आणि नाव, वर्ग, तारीख यांसाठी रिकाम्या जागा. काय घडले ते लिहायला जागाच नव्हती. विद्यार्थी समितीपुढे येण्याआधीच तो कागद मी फायलीला लावून ठेवीत असे.

सहीला नकार देणारा एकच मुलगा मला आठवतो. काटोलकडून एसटीने यायचा. कॅन्टीनमधल्या मारामारीच्या वेळी आपण तिथे नव्हतोच, असे तो परोपरीने सांगत होता. समितीतले एक सर म्हणाले, ‘परीक्षेचा फॉर्म भरायचा आहे ना?’ त्याने सही केली. इतिवृत्तात मी लिहिले : ‘विद्यार्थ्याने चूक मान्य केली.’ ते वाक्य खोटे होते, आणि ते माझ्या अक्षरात आहे.

हे आज लिहिण्याचे कारण माझ्या भाचीची मुलगी. उमरेडची पोर, दिघोरीला खोली करून राहते, बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. फाटकावर ओळखपत्र गळ्यात नव्हते, पिशवीत होते. त्यावरून शब्दाला शब्द वाढला आणि ओळखपत्र जप्त झाले. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर सगळ्यांना दिसेल असे तिचे नाव आले : आठ दिवस वर्गात बसू नये, पालकांना घेऊन यावे. वडील सोयाबीनच्या मळणीत अडकलेले, म्हणून तिच्यासोबत मी गेलो. ‘आजोबा, मी काय केलं तेच तर कोणी सांगून नाही राहिलं,’ असे ती वाटभर म्हणत होती. कार्यालयात आमच्यापुढे कागद आला तो तसाच. नाव, वर्ग, तारीख.

कोणता नियम मोडला, असे मी विचारले. माहितीपुस्तिकेतली ओळ दाखवण्यात आली : ‘अशोभनीय वर्तन केल्यास प्राचार्यांचा निर्णय अंतिम राहील.’ अशोभनीय म्हणजे काय, याचा पुस्तिकेत कुठेही खुलासा नाही.

शिस्त नको, असे मी मुळीच म्हणत नाही. रॅगिंगच्या तक्रारीनंतर रात्री वसतिगृहात जाऊन रडणाऱ्या मुलांचे जबाब मी लिहून घेतले आहेत. पण महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा तरी काय सांगतो? तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करा, प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर निलंबित करा आणि तक्रार पोलिसांकडे पाठवा. आरोप इतका गंभीर असूनही चौकशी आधी आहे. मग ओळखपत्रासाठी ती का नसावी? १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाच्या प्रकरणात, कॉपीच्या आरोपावरून निकाल रद्द करण्याआधीही विद्यार्थ्यांचे म्हणणे ऐकले पाहिजे, असा निर्णय दिला. त्याला साठाहून अधिक वर्षे झाली.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार महाविद्यालयात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. तीत किमान एक महिला आणि अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातील किमान एक सदस्य हवा. समितीने १५ कार्यदिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्याने समाधान झाले नाही तर विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालाकडे दाद मागता येते. हे आमच्या मुलीला ठाऊक नव्हते, तिच्या मैत्रिणींनाही नाही. सूचना फलकावर फी भरण्याची शेवटची तारीख होती, समितीचे नाव नव्हते.

नागपूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांच्या प्राचार्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आरोप तारीख आणि घटनेसह लेखी द्या, उत्तराला चार दिवस द्या, शिक्षा केली तर तिचे कारण लिहा. आणि परीक्षेच्या फॉर्मची भीती घालून कोणाची सही घेऊ नका. ती कशी घेतली जाते, हे मी जवळून पाहिले आहे.

मुलीने माफीनाम्यावर सही केलेली नाही. सोमवारी तिने तक्रार निवारण समितीच्या नावे अर्ज दिला. आवक क्रमांक मी समोर उभा राहून टाकून घेतला. हिवाळी परीक्षा तोंडावर आली आहे आणि ओळखपत्र अजून कार्यालयातच आहे.

आपला,
एक निवृत्त कार्यालय अधीक्षक
नंदनवन, नागपूर