मीनल, त्या कागदावर तुझं नाव नाही

चि. मीनल,
अनेक आशीर्वाद.

काल तू "आई, तुला यातलं काही कळत नाही" म्हणालीस आणि मी फोन ठेवला. दूध उतू जात होतं म्हणून ठेवला. थोडा रागही आला होता. फोनवर मी बोलायला लागले की तू नुसतं "हं, हं" करतेस, म्हणून लिहून पाठवतेय. पूर्ण वाच.

मुलुंडचा फ्लॅट छानच आहे. आपली खोली अजून पागडीची. शेअर सर्टिफिकेटवर नाव लागणारी या घरातली तू पहिली. मी पाटीलबाईंना सांगितलं, म्हणजे अख्ख्या चाळीला कळलं.

काळजी फ्लॅटची नाही, त्या कंत्राटदाराच्या कागदाची आहे. विकणाऱ्याने बाथरूम-किचनचं काम ठरवलं, दीड लाख ॲडव्हान्स दिला आणि काम सुरू व्हायच्या आत फ्लॅट विकायला काढला. आता म्हणतो, किमतीत दीड लाख वाढवा, कंत्राटदार तुमचा. आणि तू "बरं" म्हणून आलीस! तू कधी कुणाला नाही म्हणतेस का? भिशीत रूपाचे हप्ते कोणी भरले होते?

अगं, फ्लॅटबरोबर पंखे येतात, कपाटं येतात, कंत्राट येत नाही. करार त्या दोघांमधला. कंत्राटदार तुझ्याकडे पैसे मागू शकत नाही हे खरं, पण तूही त्याला जाब विचारू शकत नाहीस. खालच्या मजल्यावर गळती लागली की सोसायटीचं पत्र तुला, आणि तो म्हणणार, माझा व्यवहार त्या साहेबांशी.

बाबांचं हिंदू कॉलनीचं काम तुला आठवणार नाही, तू बालवाडीत होतीस. मालकाने रंग पसंत केला, बाबांनी निळ्या टाइल्स उचलल्या, मिस्त्रीला गावाहून बोलावून घेतलं. हत्यारं घेऊन गेले तर दारावर दुसऱ्याच नावाची पाटी. नवा मालक सभ्य होता. चहा दिला आणि म्हणाला, मी तुम्हाला ओळखत नाही. जुना म्हणाला, नव्याकडून घ्या. पावसाळाभर त्या पेट्या आपल्या गॅलरीत पडून. येणाऱ्या-जाणाऱ्याचा अंगठा ठेचायचा, आणि तू त्यांच्यावर बोळकी मांडून खेळायचीस. शेवटी बाबांनी त्या टाइल्स आपल्या मजल्याच्या मोरीला लावून टाकल्या. नळाखालची एक टाइल उलटी बसलीय बघ. बाबांच्या हातून तशी कधी बसत नाही.

मी कुठे वाहवत गेले. तेव्हा वकिलांनी सांगितलेलं मला अजून पाठ आहे. १८७२ च्या करार कायद्यातलं ६२ वं कलम: सगळ्यांची संमती असेल तर जुन्या कराराच्या जागी नवा करता येतो. पैसे देण्याची जबाबदारी जुना मालक परस्पर दुसऱ्याच्या गळ्यात घालू शकत नाही, कंत्राटदाराने हो म्हणायला लागतं. बाबांचं जे नुकसान झालं ते जुन्या मालकाने भरायचं, ७३ व्या कलमाखाली. पण बाबा कोर्टात गेले नाहीत. भीड! तुझ्यात ती कुठून आली हे मला वेगळं सांगायला नको.

म्हणून म्हणते, त्या कंत्राटदाराला स्वतः भेट, मालकाच्या तोंडून ऐकू नकोस. त्याला चोर समजू नकोस, तोही मधल्यामधे अडकलाय. काम आणि भाव पटला तर पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर तिघांच्या सह्या घे: जुना करार संपला, दीड लाख मिळाले, ते तुझ्या कामात वळते केले, पुढचं काम तुझ्या नावाने. वॉटरप्रूफिंगची हमी किती वर्षांची तेही त्यातच लिहून घे, आणि पाणी भरून तपासल्याशिवाय वर टाइल बसवायची नाही. नाही पटलं तर त्यांचं ते निस्तरतील.

ते दीड लाख फ्लॅटच्या किमतीत मिसळू देऊ नकोस. मुंबईत स्टॅम्प ड्युटी सहा टक्के. नुसत्या बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट, तरी साडेसात हजार उगाच जातील. आणि ॲग्रीमेंटमध्ये एक वाक्य हवंच: मागच्या कुठल्याही कंत्राटदाराचं देणं निघालं तर विकणारा भरेल. सोसायटीची परवानगी आणि डिपॉझिटही त्याच्याच नावावर असणार. ताबा मिळाला की तुझ्या नावाने नवा अर्ज दे, नाहीतर रॅबिट, म्हणजे तोडफोडीचा मलबा, न्यायला आलेला टेम्पो वॉचमन गेटवरच अडवेल.

झाली शिकवणी सुरू. रागावू नकोस गं. ऑफिसात तू एवढी माणसं सांभाळतेस, मला ठाऊक आहे. पण तो विकणारा "ताई, ताई" करतो ना, त्याचीच मला भीती वाटते. तू सही करशील.

शनिवारी ये. कराराच्या सगळ्या पानांची झेरॉक्स आण, नुसतं पहिलं पान नको. आणि रविवारी बाबांना फ्लॅटवर घेऊन जा. लिफ्ट आहे ना? बाथरूमचा उतार ते बादलीभर पाण्यात सांगतील. हल्ली त्यांना कोणी काही विचारत नाही.

तुझी,
आई

ता. क. टोकन दिलंस तेवढं पुरे. शनिवारपर्यंत त्याला जीपेवर काही पाठवू नकोस. "थोडेसेच" म्हणाला तरी नाही.