पसंतीक्रम मुलांचा, धावपळ आपली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाचे दिवस आले की कटऑफ, गुणवत्ता यादी, रिक्त जागा यांच्या बातम्या रोज छापून येतात. त्या लागतातच. पण अर्जातल्या ज्या पानावरून घरोघरी सगळ्यात जास्त वाद होतात, त्या पानाबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. ते पान म्हणजे महाविद्यालयांचा पसंतीक्रम. गेल्या वर्षी त्याच पानावर माझ्या हातून एक चूक झाली. ती इतर पालकांच्या हातून होऊ नये, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

माझ्या मुलीने तिची यादी वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने केली होती. नऊ नावं. खोडून खोडून कागद मध्येच विरला होता. प्रत्येक नावापुढे बारीक अक्षरांत टिपणं होती. ‘प्रयोगशाळा पाहिली, चांगली.’ ‘शेवटच्या वर्षातली मुलगी म्हणाली, तास नियमित होतात.’ ‘जायला दीड तास, चालेल.’ एका नावापुढे नुसतं ‘आवडलं’. ती झोपल्यावर मी संगणकावर तिचा अर्ज उघडला. पहिल्या तीन महाविद्यालयांचे मागच्या वर्षीचे कटऑफ तिच्या गुणांच्या वर होते. ही काही मिळत नाहीत, मग वरच्या जागा वाया कशाला घालवायच्या, असं म्हणून मी चौथं नाव उचलून पहिल्यावर नेलं आणि अर्ज जतन केला.

सकाळी तिच्या लक्षात आलं. ती ओरडली नाही. “बाबा, हे तू केलंस?” एवढंच विचारलं आणि वही मिटून ठेवली. पुढचे दोन दिवस अर्जाचा विषय मी काढला की “तुला हवं ते भर” एवढंच उत्तर. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. महिनाभर खपून केलेलं काम तिने एका वाक्यात सोडून दिलं होतं, आणि ते माझ्यामुळे.

त्या दोन दिवसांत मी माहितीपुस्तिकेतलं जागावाटपाचं प्रकरण पहिल्यांदा नीट वाचलं. मग त्यामागचं गणितही शोधून वाचलं. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन अमेरिकी गणितज्ञांनी १९६२ साली महाविद्यालय प्रवेशाच्याच प्रश्नावर एक छोटा निबंध लिहिला होता. त्यांची रीत सांगायला सोपी आहे. प्रत्येक विद्यार्थी आधी आपल्या पहिल्या पसंतीच्या दारात जातो. महाविद्यालय आलेल्यांपैकी वरच्या गुणांच्या मुलांना तात्पुरतं बसवून घेतं, बाकीच्यांना परत पाठवतं. परत आलेला मुलगा दुसऱ्या पसंतीकडे जातो. तिथे आधीच बसलेल्यांशी त्याची तुलना फक्त गुणांवर होते. याचे गुण जास्त असतील तर बसलेल्यांतला सगळ्यात कमी गुणांचा उठतो आणि तो त्याच्या पुढच्या पसंतीकडे निघतो. जायचं कुणी उरलं नाही की जागा पक्क्या होतात.

या रीतीत तुम्ही महाविद्यालयाला पहिला क्रम दिलाय की पाचवा, हे तिथे कुणी पाहत नाही. म्हणजे वरची तीन नावं मिळाली नाहीत म्हणून चौथ्यावरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. तो अगदी पहिल्या क्रमाला लिहिल्याइतकाच राहतो. अशा वाटपात मनातला खरा क्रम लिहिण्यात विद्यार्थ्याचा कधीच तोटा होत नाही, हे पुढे गणिताने सिद्धही झालं. उलट ‘खात्रीचं’ नाव वर नेलं की ते मिळतं आणि त्याच्या खाली ढकललेल्या सगळ्या आवडीच्या नावांची दारं आपल्याच हाताने बंद होतात. मी नेमकं तेच केलं होतं. खात्रीच्या नावांची जागा यादीच्या तळाशी. तिथे मात्र ती असायलाच हवीत, विशेषतः किती नावं लिहायची याला मर्यादा असेल तेव्हा.

हे कागदावरच राहिलेलं गणित नाही. न्यूयॉर्क शहराने २००३ साली आपल्या माध्यमिक शाळांच्या प्रवेशासाठी या विचारावर बेतलेली पद्धत आणली. यादीत न लिहिलेल्या शाळेत टाकल्या जाणाऱ्या मुलांची संख्या त्यामुळे सुमारे ९० टक्क्यांनी घटली. ती पद्धत बसवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्या अ‍ॅल्विन रॉथ यांना आणि शॅप्ली यांना २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गेल त्याआधीच वारले होते.

पण सगळीकडे हेच नियम असतात असं नाही. बॉस्टनच्या शाळांमध्ये २००५ पर्यंत वेगळी रीत होती. तिथे आधी पहिल्या पसंतीवाल्यांनीच जागा भरायच्या, त्यामुळे आवाक्याबाहेरचं नाव वर लिहिणाऱ्या मुलाची दुसऱ्या पसंतीची जागाही जायची. तिथले पालक एकत्र बसून डावपेच आखत. ज्यांना ते जमत नसे किंवा माहीतच नसे, त्यांच्या मुलांचं नुकसान होई. काही ठिकाणी पहिली पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागते, पुढच्या फेऱ्या बंद होतात. म्हणून पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे, मुलाच्या यादीला हात लावण्याआधी नियम वाचा. आणि वाचल्यावर मुलाला समजावून सांगा. क्रम त्यालाच लावू द्या.

मग आपण काय करायचं? करण्यासारखं खूप आहे. कागदपत्रं वेळेत गोळा करणं, प्रमाणपत्रावरच्या नावाचं स्पेलिंग अर्जातल्या नावाशी जुळतंय ना ते तपासणं, ठरलेल्या आकारात स्कॅन करणं, शुल्क भरल्याची पावती जपून ठेवणं, प्रत्येक फेरीची शेवटची तारीख भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावणं. ही कारकुनी आपल्याला जमते आणि मुलांच्या डोक्यावरचं खरं ओझं तिनेच हलकं होतं.

आणि पैशाबद्दल बोलणं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण इथेच आपण बहुतेकजण कच खातो. घरातून किती खर्च झेपेल, कर्ज काढायची तयारी आहे की नाही, दुसऱ्या गावी राहणं परवडेल का, हे यादी लिहायच्या आधी मुलासमोर आकड्यांनिशी मांडायला हवं. सतरा वर्षांच्या मुलांना ते कळतं. आपला ‘नाही’ तेव्हा सांगितला तर ती एक अट असते आणि तिच्या आत राहून मूल स्वतः निवड करतं. तोच ‘नाही’ जागा मिळाल्यावर सांगितला तर तो विश्वासघात वाटतो. माझ्या ओळखीच्या एका घरात हे झालं. त्या घरातला मुलगा अजून वडिलांशी मोकळेपणाने बोलत नाही.

नामवंत ठिकाणी जागा मिळाली नाही तर आयुष्याचं नुकसान होईल ही भीतीही मोजून घ्यायला हवी. अमेरिकेत स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना अतिशय निवडक महाविद्यालयांत प्रवेश मिळत होता, पण जे कमी नावाजलेल्या ठिकाणी शिकले, त्यांची पुढची कमाई नामवंत ठिकाणी गेलेल्या तशाच मुलांइतकीच निघाली. कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना मात्र नामवंत ठिकाणाचा फायदा झालेला दिसला. हा दुसरा भागही विसरून चालणार नाही. अशा मुलांनी वरचं नाव लिहायला कचरू नये, आणि त्यांच्या पालकांनी तर मुळीच खाली ओढू नये.

वाट पाहण्याच्या दिवसांबद्दल थोडंच लिहितो. या वयात ८ ते १० तास झोप लागते, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. रात्री अकराला ‘तुझं पुढे काय?’ हा विषय काढून आपणच ती झोप मोडतो. नातेवाइकांचे फोन मुलांना घ्यायला लावू नयेत. “यादी लागली की आम्हीच कळवू” हे वाक्य मी गेल्या वर्षी शंभरदा म्हटलं असेन, आणि ते पुरत होतं.

तिसऱ्या दिवशी मी मुलीची माफी मागितली. तिने वही काढली आणि पान समोर ठेवून स्वतःचा क्रम पुन्हा भरला. मी शेजारी बसून फक्त नावं वाचून दाखवली. यादी लागली त्या दिवशी “पान मी एकटीच उघडते” म्हणाली आणि दार लावून घेतलं. तिला तिसरं नाव मिळालं, तेच ‘आवडलं’वालं. त्या वर्षी तिथला कटऑफ खाली आला होता. माझा क्रम तसाच राहिला असता तर ती चौथ्यावर अडकली असती, आणि तिसरं मिळत होतं हे आम्हाला कळलंही नसतं.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती आहे. कटऑफच्या कोष्टकांशेजारी त्या त्या प्रवेशात जागा कशा वाटल्या जातात, हे सोप्या भाषेत उदाहरणासह छापावं. आणि प्रवेश प्रक्रिया चालवणाऱ्यांनी अर्जाच्या त्याच पानावर, क्रम भरायच्या चौकटींच्या वर, ठळक अक्षरांत लिहावं: नाव खाली लिहिल्याने तिथली संधी कमी होते की नाही, आणि पहिली पसंती मिळाल्यास ती घेणं बंधनकारक आहे की नाही. दोन ओळींचं काम आहे. यंदाचे अर्ज सुरू होण्याआधी झालं तर बरं.

आपला,
एक पालक