नोंदवही शाबूत ठेवल्याबद्दल, भाऊंना पत्र

भाऊ, सप्रेम नमस्कार.

फोनवर तुमचं पहिलं वाक्य होतं, "फाइलले हात लावू नका, आधी तिची नक्कल काढा." वाचनालयाची दाखल नोंदवही आणि देवघेवीचा सगळा हिशोब लिबरऑफिस या मोफत ऑफिस-संचातल्या बेस नावाच्या डेटाबेस-कार्यक्रमाच्या एकाच फाइलीत. ती उघडली की जावा रनटाइम (जावा भाषेतले कार्यक्रम चालवणारं सॉफ्टवेअर) हवं असा निरोप यायचा आणि तक्ते दिसायचेच नाहीत. लिबरऑफिस काढून पुन्हा टाका, असंच जो तो सांगत होता. तुम्ही तेवढे "काही उपयोग नाही" म्हणालात आणि का नाही तेही समजावलंत. त्याबद्दल हे जाहीर आभार. यवतमाळकडच्या दुसऱ्या कुणा वाचनालयाच्याही कामी यावं म्हणून सगळं तपशिलानं लिहितो आहोत.

लिबरऑफिसमधल्या राइटर (लेखनाचा) आणि कॅल्क (आकडेमोडीचा) या कार्यक्रमांची रोजची कामं जावाशिवाय चालतात. पत्रं उघडतात, कॅल्कची पानं उघडतात, फक्त बेस अडतं. म्हणून माणसाला वाटतं फाइलच खराब झाली. खरं तर बेसच्या पोटात जो जुना एचएसक्यूएलडीबी डेटाबेस असतो, तोच जावात लिहिलेला आहे. लिबरऑफिस जावाला स्वतःच्या पोटात घेऊन चालवतं, त्यामुळे दोघांचे बिट (३२ की ६४, हा प्रकार) जुळावेच लागतात. ६४ बिटच्या लिबरऑफिसला ३२ बिटचं जावा चालत नाही, जावा निवडायच्या यादीत ते दिसतही नाही. आमच्या संगणकावर डिजिटल सहीच्या टोकनासाठी ३२ बिटचं जावा ८ होतं, आणि लिबरऑफिसची नवी आवृत्ती ६४ बिटची बसली होती. दोन्ही आपापल्या जागी धडधाकट, पण एकमेकांच्या उपयोगाचे नाहीत.

ओळखायची तुमची रीत सोपी. लिबरऑफिसमध्ये हेल्प, मग अबाउट. आवृत्तीच्या आकड्याशेजारीच बिट कळतात. जावासाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये जावा, जागा, डॅश व्हर्जन (java -version). शेवटच्या ओळीत '६४-बिट' असेल तर ६४. तो शब्दच नसेल तर ३२. आणि '१.८' दिसलं म्हणजे जावा ८ च, फार जुनं काहीतरी नव्हे.

सगळ्यात मोलाचं सांगितलंत ते हे, की जुनं जावा काढायचं नाही. काढलं असतं तर सही बंद पडली असती. दोन्ही बिटचे जावा एका विंडोजवर वेगवेगळ्या फोल्डरात सुखानं राहतात. टेमुरिन या मोफत जावाचं ६४ बिटचं फक्त जेआरई, म्हणजे जावा चालवण्यापुरता भाग, उतरवायला लावलंत. मोबाइलच्या डेटावर काम करणाऱ्याला जेडीकेचा, म्हणजे कार्यक्रम लिहिणाऱ्यांच्या पूर्ण संचाचा, बोजा कशाला! मग टूल्स, ऑप्शन्स, लिबरऑफिस, अॅडव्हान्स्ड. 'जावा रनटाइम वापरा' वर खूण, यादी भरेपर्यंत काही क्षण दम धरायचा, नवं जावा निवडायचं, ओके. नंतर लिबरऑफिस पूर्ण बंद. घड्याळाजवळ क्विकस्टार्टर (लिबरऑफिस लवकर उघडावं म्हणून मागे चालू राहणारा भाग) बसलेला असेल तर तोही बंद करायचा, नाहीतर जुनीच निवड चालू राहते.

हा घोळ पुन्हा का होऊ शकतो, तेही उमगलं. लिबरऑफिस निवडलेल्या जावाचा पूर्ण पत्ता वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये (सेटिंगच्या फोल्डरात) लिहून ठेवतं. जावा अद्ययावत झालं की फोल्डरचं नाव बदलू शकतं, जुनं पुसलं जातं आणि तो पत्ता मेलेला राहतो. लिबरऑफिस काढून पुन्हा टाकलं तरी प्रोफाइल तसंच राहतं, म्हणून त्या सल्ल्यात अर्थ नव्हता. अद्ययावत केल्यावर त्याच पानावर जाऊन खूण नव्यानं करायची, एवढंच.

फाइल शाबूत आहे हे तुम्ही दाखवलंत ती घडी विसरणार नाही. नकलेचं नाव बदलून शेवटी झिप लावलं, उघडलं, आत 'डेटाबेस' फोल्डर आणि त्यात 'स्क्रिप्ट', 'डेटा', 'प्रॉपर्टीज'. स्क्रिप्टमध्ये आमच्या तक्त्यांची मराठी नावं कुठेच दिसेनात. प्रत्येक अक्षराजागी तिरपी रेघ, यू आणि चार आकडी-अक्षरी संकेत. "हीच तुमची देवनागरी," म्हणालात. जीव भांड्यात पडला.

भारनियमनाचं सांगितलंत ते तर गावात सगळ्यांनीच ऐकावं. फॉर्ममध्ये नोंद जतन झाली म्हणजे फाइलीत गेली असं नाही. या डेटाबेसमध्ये ती आधी तात्पुरत्या जागेत राहते. बेसच्या मुख्य खिडकीत येऊन कंट्रोल-एस दाबलं किंवा फाइल नीट बंद केली तरच फाइलीत उतरते. त्याआधी लाइन गेली तर सकाळपासूनची देवघेव गेली. आता दर दहा पुस्तकांमागे कंट्रोल-एस आणि संध्याकाळी पेनड्राइव्हवर तारखेची नक्कल, असं ठरवलं आहे.

पैसे विचारले तर रागावलात. निदान पुढच्या खेपेला वाचनालयात चहाला तरी या. तुम्ही सांगितलेल्या आवृत्त्या आणि बिटचा कागद कपाटाच्या दाराला आतून लावला आहे. काही चुकलं असेल तर तिथेच पेननं दुरुस्त करा.

आपले,
वाचनालयाचे कार्यकर्ते