‘सिग्नल येतो’ म्हणे!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला अमेरिकेतल्या डिश टीव्हीच्या खटल्यांवरचा लेख वाचला. एकदा चहाबरोबर वाचला आणि मग रक्तदाबाची गोळी घेऊन पुन्हा वाचला. फ्लोरिडातल्या न्यायालयाने २००६ मध्ये दूरच्या शहरांची चॅनेल दाखवायला बंदी करून डिशवाल्यांना वेसण घातली आणि प्रेक्षकांचं भलं केलं, असा लेखाचा एकूण सूर. लेखकमहाशय अमेरिकेत डोंगराच्या कुशीतल्या घरात टीव्ही लावून कधी बसले आहेत काय? मी बसलो आहे.

२००५ साली आम्ही उभयता मुलाकडे सहा महिने होतो. ॲपलाचियन डोंगरातलं लहानसं गाव, घर अगदी उताराच्या तळाशी. केबल त्या रस्त्यापर्यंत पोचलेली नव्हती, म्हणून डिश. डिशवर शंभरेक चॅनेल, पण सीबीएस हे तिथलं बडं नेटवर्क नाही, आणि अमेरिकन ओपनची फायनल तेव्हा सीबीएसवर. न्यूयॉर्कचं सीबीएस तेव्हा डिशवर मागवता येत असे. मात्र ज्याच्या छपरावरच्या अँटेनाला सीबीएसच्या जवळच्या केंद्राचा पुरेसा सिग्नल मिळत नसे, त्यालाच. १९८८ पासूनचा नियम. असू दे. आमच्या अँटेनावर मुंग्यांशिवाय धड काही येतच नव्हतं, तेव्हा आम्ही निर्धास्त.

मुलाने डिश कंपनीला फोन केला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, “तुमच्या पत्त्यावर सिग्नल येतो.” मुलगा म्हणाला, येत नाही हो. ती म्हणाली, संगणकाच्या हिशेबाने येतो. आता बोला!

मग त्या स्थानिक केंद्राकडे ‘वेव्हर’चा अर्ज. म्हणजे, ‘या कुटुंबाने न्यूयॉर्कचं चॅनेल पाहिलं तर आमची हरकत नाही’ असं त्यांनी लिहून द्यायचं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर संमती आहे असं धरत. उत्तर अठ्ठाविसाव्या दिवशी आलं. नकार. हरकत का, तर आम्ही न्यूयॉर्कच्या जाहिराती पाहिल्या असत्या आणि गावातल्या मोटारविक्याची जाहिरात आमच्यावाचून राहिली असती! सत्तरीच्या उंबरठ्यावरचा, टुरिस्ट व्हिसावर आलेला साताऱ्याचा माणूस त्याच्याकडून मोटार घेणार होता, असा त्यांचा समज असावा.

११ सप्टेंबरला फायनल. फेडरर विरुद्ध आगासी. आगासी पस्तीस वर्षांचा, पहिला सेट गेलेला, दुसरा त्याने ६-२ असा खेचून आणला. हे मला निवेदकाच्या आवाजावरून कळलं, कारण अँटेनाच्या भरवशावर पडद्यावर चेंडू दिसतच नव्हता. दोन करड्या आकृत्या आणि मध्ये भुरभुर. शेवटी मी युक्ती काढली. कॅमेरा प्रेक्षकांवर गेला की त्यांच्या माना कुठे वळतात ते पाहायचं आणि चेंडू कुठे गेला ते ओळखायचं. तिसऱ्या सेटचा टायब्रेकर मी असा माना बघून काढला. आगासी हरला. नीट दिसला असता तरी हरलाच असता, पण दिसला तर असता!

नकारावर उपाय सिग्नलच्या मोजणीचा. ऑक्टोबरात मोजणीवाला आला. आपल्याकडे जमिनीच्या मोजणीला येतात, थेट तसा रुबाब. गाडीतून खांब काढून तीस फूट वर चढवला. बैठं घर असतं तर वीस फूट. आकडे टिपले, मान हलवली. सिग्नल कमी भरला. मोजणीचा खर्च हरणाऱ्याने द्यायचा, तेव्हा बिल गेलं केंद्राकडे. (त्या अख्ख्या कायद्यात मला आवडलेली ही एकच गोष्ट.) न्यूयॉर्कचं चॅनेल सुरू झालं नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. आमचं परतीचं तिकीट पहिल्या आठवड्याचं.

आता तुमच्या त्या निकालाकडे येतो. खटल्यातली डिशवाली एकोस्टार कंपनी काही साधुसंत नव्हती. पात्र नसलेल्या लाखो घरांना तिने ही चॅनेल दिली, हे न्यायालयात सिद्ध झालं आणि वरच्या न्यायालयानेही झोडपलं. शिक्षा व्हायलाच हवी होती. पण झाली कोणाला? १ डिसेंबर २००६ पासून त्या कंपनीच्या सगळ्या ग्राहकांची दूरची (न्यूयॉर्कच्या सीबीएससारखी) नेटवर्क चॅनेल सरसकट बंद. आठ लाखांहून अधिक ग्राहक. त्यात आमच्यासारखे खरोखर मुंग्या बघणारेही आले. दहा कोटी डॉलर देऊन बऱ्याचशा वाहिन्यांशी तडजोड झाली होती, तीही न्यायाधीशांनी मानली नाही. म्हणाले, कायद्यात मला मुभाच नाही. लेखात यातलं एक अक्षर नाही. पुढे त्याच कंपनीच्या उपग्रहावर जागा भाड्याने घेऊन दुसऱ्याच एका कंपनीने तीच चॅनेल विकायला काढली, तेही नाही. आणि २०१० मध्ये संसदेने नवा कायदा करून, देशातल्या सर्व २१० बाजारपेठांत, म्हणजे टीव्हीच्या स्थानिक विभागांत, तिथली स्थानिक चॅनेल दाखवा, मग दूरची दाखवायला मोकळे, असा तोडगा काढला, तो तर अजिबातच नाही. वेसण घातली म्हणून टाळ्या वाजवायच्या, पण सुटली कशी ते सांगायचं नाही, ही कोणती पत्रकारिता?

विषय निघालाच आहे म्हणून. आपल्याकडेही २२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कायद्यानुसार दूरदर्शनला मिळणारा सामन्यांचा सिग्नल खासगी केबल आणि डीटीएचवर दाखवायचा नाही. आमची डिश खासगी, दूरदर्शनची फ्री डिश नव्हे, तेव्हा डीडी आहे, पण त्यावर सामना नाही. हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, फक्त आपल्या क्रीडा पानाला नाही. परवा आपण चौकटीत ‘थेट प्रक्षेपण : डीडी’ एवढंच छापलंत. ते वाचून शेजारचे चौघे आमच्याकडे जमले. लावलं तर भलताच कार्यक्रम. चहा मात्र सगळ्यांनी घेतला, आणि जाताना “काका, तुमच्या डिशचं काहीतरी बिघडलंय” असं ऐकवून गेले.

तेव्हा त्या चौकटीत ‘फक्त फ्री डिशवर’ हे तीन शब्द जादा छापावेत. जागा नसेल, तर शेजारचं राशिभविष्य एका राशीने कमी करावं. माझी कन्या आहे, ती चालेल.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सातारा

(चिरंजीव अजून त्याच गावात राहतात. नाव छापू नये.)