गॅसच्या बटणाचा फोटो काढून शंका जात नाही

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत विसरभोळेपणावर लेख आला होता, त्यात शेवटी चौकटीत टिप्स होत्या की घरातून निघताना गॅसच्या बटणाचा, कुलपाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा म्हणजे दिवसभर डोक्याला ताप नाही, आणि त्याखाली 'ओसीडी असलेल्यांनाही उपयुक्त'. विसरभोळ्या माणसाला होत असेल उपयोग, पण ती शेवटची ओळ साफ चुकीची आहे आणि ज्यांना हा आजार आहे त्यांचा त्रास वाढवणारी आहे म्हणून हे पत्र. मला ओसीडी आहे, म्हणजे नको ते विचार नि शंका परत परत येऊन तेच तेच करायला लावणारा मानसिक आजार. डॉक्टरांनी निदान केलेला, व्हॉट्सॲपवरचा नाही.

ओसीडी म्हटलं की लोकांना फक्त हात धुणं आणि फरशी पुसणं आठवतं, माझं टेबल बघाल तर म्हणाल ह्याला कसला आलाय ओसीडी. माझा प्रकार शंकेचा. ठाणे-बेलापूर रोडवरून रोज स्कूटरने जातो, एकदा रबाळ्याजवळ गाडीला हलका दणका बसला, खड्डा असणार, तिथे काय कमी आहेत, पण डोक्यात आलं की कुणाला लागलं तर नाही? मागे फिरून बघितलं, काही नव्हतं. मग रात्री तोच प्रसंग मनात सारखा चालवत बसलो. आधी नुसता दणका आठवत होता, मग एक बाई आठवायला लागली, मग तिची हिरवी साडी, मग तिच्या पिशवीतून रस्त्यावर पडलेली कोथिंबिरीची जुडी. लोणचं मुरावं तशी ती आठवण मुरत गेली आणि ती खरी की मीच रचलेली हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. त्या काळात सकाळी तुमच्या पेपरचं नवी मुंबईचं पान आधी उघडायचो, अपघाताची बातमी शोधायला. नसली की वाटायचं, अजून छापली नसेल.

मित्र म्हणतात सीसीटीव्ही बघ ना एकदाचा. अहो, कॅमेऱ्यात काही दिसलं नाही तर शंका कॅमेऱ्याच्या अँगलवर जाते. फोटोचंही तेच, हा आजचाच ना, आणि फोटो काढताना हात लागून बटण फिरलं असेल तर?

ह्यावर अभ्यास झालेला आहे. २००३ साली व्हॅन डेन हाउट आणि किंट ह्या डच संशोधकांनी कॉलेजच्या साध्या मुलांना कॉम्प्युटरवरचा गॅस परत परत तपासायला लावला. शेवटी विचारलं की मगाशी कुठले बर्नर तपासलेत, तर उत्तरं बऱ्यापैकी बरोबर आली, पण आठवण पुसट झालेली आणि तिच्यावरचा भरवसा पार घसरलेला. म्हणजे धडधाकट माणसाचंही तपासून तपासून हे होतं, मग आमचं काय होत असेल बघा. आणि मनातल्या मनात प्रसंग उगाळणं हेसुद्धा तपासणंच असतं, ते बाहेरून कुणाला दिसत नाही एवढंच.

ह्याच्यावरची थेरपी बरोबर उलटी आहे. ईआरपी म्हणतात, म्हणजे ज्याची भीती वाटते त्याला सामोरं जायचं आणि तपासणं टाळायचं, लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये ह्या पद्धतीची सुरुवात केली. त्याच रस्त्याने जायचं, दणका बसला तरी मागे फिरायचं नाही, घरी येऊन टॉर्चने मडगार्ड बघायचं नाही, बातम्या शोधायच्या नाहीत, कुणाला विचारायचं नाही. शंका आली तर 'असेल बुवा, नसेल बुवा' म्हणून तशीच राहू द्यायची. ऐकायला सोपं वाटतं, करताना घाम फुटतो, पण न तपासताही ती हळूहळू उतरते. गोळ्याही असतात, बरेचदा डिप्रेशनवर देतात त्याच, पण डोस डिप्रेशनच्या मानाने बरेचदा जास्त लागतो आणि नीट फरक कळायला दहा-बारा आठवडे जाऊ शकतात, लोक त्याआधीच कंटाळून सोडतात.

घरच्यांना सगळ्यात जड जातं. आई आधी म्हणायची, "अरे देवाशप्पथ काही झालेलं नाही," मला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं आणि अर्ध्या तासात परत तोच प्रश्न. थेरपिस्टनी तिला सांगितलं, उत्तर द्यायचं नाही. आता ती म्हणते, "मला काय ठाऊक, जेवायला बस." तिला हे निष्ठुरपणाचं वाटतं, शेजारच्या काकूंना तर फारच. पण माझं विचारणं त्यानेच कमी झालं.

तेव्हा विनंती एवढीच की ती ओळ चुकीची होती असं पुढच्या रविवारी छापा, त्याच जागी, कोपऱ्यात बारीक टायपात नको. आणि सोबत टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्या, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. 'ह्याला ठाण्याला पाठवा' असं आपण हसत हसत म्हणतो ना, त्या १९०१ सालच्या मनोरुग्णालयात ओपीडीही आहे, दाखवून घरी येता येतं, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं, तेही लिहा.

माझं नाव छापू नका प्लीज, ऑफिसमध्ये अजून सांगितलेलं नाही.

— एक वाचक, घणसोली, नवी मुंबई