किमान रकमेची ती ओळ

नौपाडा, ठाणे

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी जेवताना तू म्हणालास, "बाबा, कार्डाचं बिल तीस हजार आलंय, पण भरायचे दीडच हजार आहेत." आणि पुढचा घास घेतलास. मी काही बोललो नाही. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याला कळलं नाही. कळलं म्हणूनच गप्प बसलो. पानावर बोललो असतो तर आवाज चढला असता आणि तू श्रीखंड तसंच टाकून घणसोलीची गाडी पकडली असतीस. म्हणून लिहितोय.

तुझ्या मोबाइलवर बिल दाखवलंस तेव्हा तारखा मी पाहून ठेवल्या. नवा फोन घेतलास ५ जूनला. बिल निघालं २० जूनला. भरायची शेवटची तारीख ९ जुलै. त्या तारखेच्या आत पूर्ण तीस हजार भरलेस तर एक पैसा व्याज नाही. चौतीस दिवस बँकेचे पैसे फुकट वापरलेस, खुशाल वापर. पण त्या दिवशी फक्त 'किमान देय' म्हणून छापलेले १,५०० भरलेस, तर काय होतं ते बघ. उरले २८,५००. तुझ्या कार्डाचा व्याजदर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस. आणि व्याज ९ जुलैपासून नाही, ज्या दिवशी फोन घेतलास त्या ५ जूनपासून. पुढचं बिल निघेपर्यंत पंचेचाळीस दिवस झाले, त्याचे साधारण १,४७६ रुपये. त्यावर अठरा टक्के जीएसटी, २६६. बेरीज कर. ३०,२४२. दीड हजार खिशातून गेले आणि देणं दोनशे बेचाळीसनं वाढलं.

मी दोनदा गणित केलं, चुकलं असेल तर कळव.

पुढच्या बिलांत किमान रकमेत व्याज आणि कर धरून घेतात, कारण देणं दर महिन्याला फुगत जाऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण फुगत नाही म्हणजे पटकन फिटतं असं नाही. शिवाय जुनी बाकी उभी असेपर्यंत नव्या खरेदीला ती फुकटची मुदत मिळत नाही. मग साधं वाणसामान कार्डावर घेतलंस तरी त्याच दिवसापासून मीटर चालू. आणि कार्डानं एटीएममधून रोकड कधी काढू नकोस. तिथे मुदत अशी नसतेच, पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळं शुल्क.

हे सगळं मला इतकं तोंडपाठ का, हे तुला कधी सांगितलं नाही. २००८ साली स्टेशनजवळ टेबल टाकून बसलेल्या एका पोरानं मला कार्ड दिलं. सोबत एक बॅग फुकट. मी तेव्हा वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्याच्या पतपेढीत कारकून. दिवसभर दुसऱ्यांच्या कर्जांची मुद्दल-व्याजाची खाती लिहायची आणि लोकांना ऐकवायचं, "कपात किती जाते ते बघून घ्या हो." त्याच मी फ्रिज घेतला आणि चौदा महिने किमान रक्कम भरत राहिलो. बिलं कपाटात वर्तमानपत्राच्या कागदाखाली. तुझ्या आईनं गौरी-गणपतीला कपाट पुसायला काढलं तेव्हा सापडली. ती ओरडली नाही. नुसती सगळी बिलं तारखेनं लावून माझ्यासमोर ठेवली. ते जास्त लागलं.

शेवटी आमच्याच पतपेढीतून बारा टक्क्यांनी कर्ज काढलं आणि कार्ड मिटवलं. पण त्यासाठी मला काउंटरच्या पलीकडे बसावं लागलं. माझ्याच शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडे अर्ज द्यायचा, दोन जामीनदार आणायचे. "साहेब, तुम्ही?" असं तो म्हणाला, तो चेहरा अजून आठवतो. पतपेढीत निदान कोणीतरी विचारतं. कार्डात कोणी विचारत नाही, तिथेच फसायला होतं. किमान रक्कम भरणारा माणूस बँकेला नको असतो असं समजू नकोस. पूर्ण भरणाऱ्याकडून तिला व्याज मिळत नाही. तिला मिळतं ते दुकानदाराकडून. कार्ड स्वाइप झालं की त्याला पूर्ण रक्कम येत नाही, थोडी टक्केवारी कापून येते. जांभळी नाक्यावर "कार्ड असेल तर दोन टक्के वर" म्हणतात ना, ते हेच.

तू विचारलंस की मग ऑफिसनं दिलेलं जेवणाचं कार्ड आणि हे यात फरक काय, दोन्ही प्लास्टिकचीच. फरक एवढाच की पैसा आधी कोणाचा. डेबिट कार्ड तुझ्या बचत खात्याला जोडलेलं, खात्यात असेल तेवढंच जाईल. तुझ्या जेवणाच्या कार्डासारख्या प्रीपेड कार्डात आधी पैसे भरावे लागतात, मग खर्च. मी स्टेशनवरच्या एटीव्हीएम यंत्रावर तिकीट काढायला स्मार्ट कार्डात पैसे भरून ठेवतो तसंच. संपलं की मशीन नाही म्हणतं, विषय संपला. दिवाळीला मिळतात ती गिफ्ट कार्डं याच जातीची, पण दहा हजारांच्या वर नसतात, पुन्हा भरता येत नाहीत आणि त्यातून रोकड निघत नाही. वर मुदत असते, ती बघत जा. मागच्या वर्षीचं तुझ्या ड्रॉवरमध्ये पडलंय.

ताईला तुझ्या कार्डावर ॲड-ऑन, म्हणजे जोडीचं दुसरं कार्ड, काढून द्यायचं म्हणत होतास. नको. ती काय खर्च करील ते तुझ्याच बिलात येईल आणि भरायचंही तुलाच. तिला प्रीपेड घेऊन दे, महिन्याला ठरावीक रक्कम भर, तिचा हिशेब तिचा.

पण क्रेडिट कार्ड मोडून टाक असं मी म्हणत नाही. प्रीपेड कितीही शहाणपणानं वापरलंस तरी सिबिलच्या, म्हणजे लोकांच्या उधारीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या, खात्यात त्याची नोंद होत नाही, कारण ती उधारीच नाही. उद्या ऐरोलीला घर बघशील तेव्हा बँक तुझा ३०० ते ९०० मधला आकडा आधी बघेल, आणि तो वेळेवर फेडलेल्या उधारीतूनच बनतो. लिमिट दीड लाख आहे म्हणून दीड लाखांचं बिल होऊ देऊ नकोस, एवढंच. लिमिट वाढवतो म्हणून फोन आला तर नाही म्हण. तुझ्या संमतीशिवाय त्यांना ते वाढवता येत नाही.

आणि एक काम आजच कर. ऑटो डेबिट लावलंय म्हणालास. तिथे दोन पर्याय असतात, 'पूर्ण देय' आणि 'किमान देय'. तुझ्याकडे कोणता निवडलाय ते उघडून बघ. मला दाट शंका आहे.

९ तारखेला तीस हजार पुरत नसतील तर लाजू नकोस, फोन कर. कमी पडतील तेवढे मी देतो, बिनव्याजी. पण किती महिन्यांत आणि कोणत्या तारखेला परत देणार ते कागदावर लिहून द्यायचं, सवय जात नाही माझी. जामीनदार म्हणून आईची सही चालेल, मात्र ती आधी तुझी बिलं मागेल, तारखेनं लावून.

तुझा,
बाबा