एका आरात नऊ क्विंटल तूर

माननीय मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि. काल हमीभाव केंद्रावरून अठरा कट्टे, म्हणजे नऊ क्विंटल तूर माघारी आणली. काट्यावरच्या पोरानं सातबारा पाहिला आणि म्हणाला, "काका, तुम्ही तूर पेरलीच नाही."

"मग कट्ट्यांत काय आहे?"

"ते दिसतंय मला. पण सातबाऱ्यावर नाही."

माझं रान तीन एकर, सातबाऱ्यावर १ हेक्टर २१ आर. निम्म्यात सोयाबीन, निम्म्यात तूर. भर पावसात, मोबाइल टोपीखाली धरून, सातबाऱ्यावर पीक नोंदवायच्या आपल्या खात्याच्या ॲपमध्ये सोयाबीन भरलं. क्षेत्राचा रकाना आला. एक एकर वीस गुंठे, म्हणून लिहिलं १.२०. जन्मभर असंच लिहीत आलो. ॲपनं ते एक हेक्टर वीस आर धरलं आणि मुकाट्यानं घेतलं. तूर भरायला गेलो तर शिल्लक क्षेत्र ०.०१, म्हणजे एक आर, जेमतेम एक गुंठा. दुरुस्तीला दोन दिवस होते, ते दोन्ही दिवस गावात लाईट नव्हती.

तेव्हा कृषी विद्यापीठांना कळवावं, की लातूर जिल्ह्यात एका आरात नऊ क्विंटल तूर होते.

२०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये. आडतीवर ६,७५० ने घातली. टेम्पोचं भाडं धरलंच नाही, तरी ११,२५० रुपये गेले. एका टिंबापायी!

इंग्रजांनी मुंबई इलाख्यात जमीन मोजली ती ३३ फुटी साखळीनं, आणि त्या साखळीचे भाग केले सोळा. नाव दिलं आणे. कारण इथला माणूस रुपयाचे सोळा आणे डोक्यात घेऊन फिरत होता. साखळी गुणिले साखळी म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. साहेब परका होता, तरी त्याला आमचा हिशोब विचारावासा वाटला. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, पण वाटणीत, सोयरिकीत, व्यवहारात आजही एकर-गुंठेच चालतात. हेक्टर आमच्या कानावर येतो तो मदत जाहीर होताना, आणि हातात पडेपर्यंत त्याचेही गुंठे झालेले असतात.

शंभरातल्या साठ जणांची तरी हीच गत झाली असेल. मोजलेलं नाही, पारावर बसलं की ऐकू येतं.

मागणी छोटी आहे. रकान्यात एकर-गुंठे लिहू द्या, हेक्टर करायचं काम मोबाइलला लावा. आणि नोंद घेण्याआधी एवढं विचारा: "तीन एकरांत सगळं सोयाबीनच का?" पूर्वीचे तलाठी बांधावर येत नसत, पण चावडीत एवढं तरी विचारायचे, "काय रे, यंदा तूर नाही?"

पण विचारायचं कुणाला? विम्याचा अर्ज असो, अनुदानाचा असो, चूक दरवेळी आमचीच निघते. अर्ज बाद, कारण 'तांत्रिक'. ॲप बनवणारा नापास झाल्याचं अजून ऐकलं नाही. त्याला बिल मिळतं, आपल्याला उद्घाटनाची फीत, आणि आम्हाला शिबिरात शिकवणी: 'शेतकऱ्यांनी डिजिटल साक्षर व्हावं.' आम्ही होऊ. आपण एकदा गुंठा शिका.

आपला,
एक हेक्टर वीस आर सोयाबीनवाला,
जि. लातूर